सत्काराची झाडं

चालू तासाला वर्गातला पंखा अचानक थांबला, तर आमच्या कॉलेजात 'लाइट गेली' असं कुणी म्हणत नसे. सगळे दाराकडं बघत. दारात सर उभे असायचे, बटणावर बोट ठेवून.

"बाई, पोरं मूठभर तुमच्याकडं. सगळी त्या एका पंख्याखाली बसवा की. बाकीचे कुणासाठी फिरतायत, भुतांसाठी?"

एवढं बोलायचं आणि चालू लागायचं. मी मराठी शिकवते. माझ्या वर्गात पोरं मूठभर असतात हे खरं आहे, पण ते पोरांसमोर सांगायची काही गरज? नवीन होते तेव्हा मी यावरून त्यांच्याशी स्टाफरूममध्ये कडाकडा भांडले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि जाताना स्टाफरूमचाही पंखा बंद केला. पुढं मीच वर्गात शिरले की पोरांना एका पंख्याखाली बसवायला लागले. भिंतीशी किती भांडायचं माणसानं!

आमचं कॉलेज नेवाशाच्या पुढं, मोठ्या रस्त्याला लागून. आम्ही शहरातल्या सावेडीकडची मंडळी एकत्र गाडी करून यायचो. सर श्रीरामपूरकडचे, ते एसटीनं. शिकवायचे भौतिकशास्त्र, आणि कुठलीही गोष्ट वाया जाताना दिसली की त्यांच्या पोटात दुखायचं. खांद्याच्या कापडी पिशवीत स्टीलचा पेला. कागदी कपातला चहा ते पीत नसत. "कागदी कसला? आतून प्लॅस्टिकचं अस्तर हाय त्याला," म्हणायचे. चहा झाला की पेला विसळायचे आणि ते पाणी खिडकीतून खालच्या कुंडीत ओतायचे. एकदा कुंडीशेजारी उपप्राचार्य फोनवर बोलत उभे होते. ते तणतणत वर आले, तर सर म्हणाले, "ऊन चांगलंय, वाळाल. त्या कुंडीला कोण देणार?"

नाताळात आम्ही त्यांच्या घरी फराळाला जायचो. अंगणात बोरीचं झाड, त्यालाच कागदी चांदण्या टांगलेल्या. चांदणी बघायला जवळ गेलं की काटा ठरलेला. त्यांच्या मंडळींनी किती वेळा सांगितलं, सगळे आणतात तसं ते बाजारातलं हिरवं झाड आणा म्हणून. सर म्हणायचे, "प्रभू जिथं जन्मले तिथं काय बर्फ पडत होता? उन्हातलाच देश तो. बोरच बरी." करंजी मात्र त्यांच्याकडं अशी मिळायची की काट्याचं दुःख वाटत नसे.

अशा माणसाला प्राचार्यांनी हरित परिसर समितीचा प्रमुख का केलं, हे कोडं नाही. दुसरं कुणी तयार नव्हतं. हरित परिसर म्हणजे आमच्याकडं मुख्यतः फोटो. सायकल दिनाला सायकली टेम्पोतून आल्या. आम्ही साड्या सावरत त्यांच्यावर बसलो, फाटकापासून पोर्चपर्यंत हाकल्या आणि उतरलो. संस्थेचे अध्यक्षसाहेब वजनदार माणूस, सगळ्याच अर्थांनी. त्यांची सायकल दोन्ही बाजूंनी माणसांनी धरली होती, साहेब फक्त घंटी वाजवत होते. फोटो झाल्यावर सायकली पुन्हा टेम्पोत आणि साहेब पुन्हा गाडीत. सर एसटीतून उतरून चालत आले. प्राचार्य म्हणाले, "सर, तुमची सायकल?" तर म्हणे, "एसटीत अख्खं गाव बसून आलंय. तिचा काढा की फोटो."

पावसाचं पाणी साठवायची योजना झाली. गच्चीवरून सुरेख निळा पाइप भिंतीवरून खाली आला आणि जमिनीच्या वर पुरुषभर उंचीवर थांबला. पुढचं काम पुढच्या वर्षी. 'प्लॅस्टिक टाळा' असे फ्लेक्स लागले, त्यांवर अध्यक्षसाहेबांचा हसरा चेहरा. कुठलीही नवी घोषणा झाली की सर एकच वाक्य बोलायचे, "उन्हाळ्यात सांगा." 'एक विद्यार्थी, एक झाड' अशी शपथ झाली. उन्हाळ्यात सांगा. प्राचार्यांना या वाक्याचा इतका धसका बसला होता, की ते नव्या योजना सरांची रजा बघून जाहीर करायचे.

पण एक योजना सरांची स्वतःची होती आणि पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच झालं. पाहुण्यांच्या सत्काराला शाल, नारळ आणि गुच्छ असायचे. सर म्हणाले, गुच्छ संध्याकाळी कचऱ्यात जातो, त्याऐवजी रोप द्या. प्राचार्यांना एकदम पटलं, कारण रोप वनखात्याच्या नर्सरीतून जवळजवळ फुकट येतं. तेव्हापासून आमच्याकडं आलेल्या प्रत्येक पाहुण्याला काळ्या पिशवीतलं रोप मिळायला लागलं. पाहुणे ते दोन्ही हातांनी घ्यायचे, कॅमेऱ्याकडं बघायचे, पर्यावरणावर बोलायचे, जेवायचे आणि जायचे. रोप खुर्चीखाली.

पहिल्या खेपेला एक बडे अधिकारी रोप विसरून गेले. सर ते उचलून त्यांच्या गाडीमागं फाटकापर्यंत धावले. गाडी थांबली, काच अर्धी खाली आली. अधिकारी म्हणाले, "निवेदन ऑफिसात द्या," आणि काच वर गेली. सर रोप छातीशी धरून रस्त्यावर उभे. ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून मला हसू आवरेना. ते मात्र रागानं लाल झाले होते. म्हणाले, "आपण दिलेली वस्तू हाय. मरू कशी द्यायची?"

मुलींच्या होस्टेलमागं मुरमाड पडीक जागा होती. तिथं त्यांनी ते रोप लावलं. नंतर दुसऱ्या पाहुण्याचं, मग तिसऱ्याचं. होस्टेलच्या न्हाणीचं पाणी वाया जायचं, ते त्यांनी स्वतः टिकाव घेऊन चर खणून तिकडं वळवलं. समारंभ संपले की मांडवाच्या मागून ते हळूच यायचे आणि टेबलावरच्या अर्धवट प्यालेल्या बाटल्या गोळा करून रोपांवर रिकाम्या करायचे. जुने फ्लेक्स उन्हात रोपांवर बांधायचे. साहेबांची सावली त्या निमित्तानं का होईना, कुणाच्या तरी कामी आली.

आणि प्रत्येक रोपाशेजारी पत्र्याची पाटी! वर पाहुण्याचं पद, खाली सरांच्या टपोऱ्या अक्षरात: 'विसरून गेले. ज्याचं त्यानं येऊन न्यावं, ही विनंती.' ही नुसती गंमत नव्हती हो. सर दर पावसाळ्याच्या तोंडी त्या लोकांना फोन करायचे. "नमस्कार साहेब. तुमचं रोप आता कमरेला लागतंय. न्यायला कधी येताय?" पलीकडून काय उत्तरं यायची ते सर आम्हाला सांगत नसत, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ मिशी चावायचे.

झाडं वाढली, तशी त्यांची नावंही आमच्या बोलण्यात आली. सर शिपायाला सांगायचे, "शिक्षणाधिकाऱ्यांना कीड लागलीय, निंबोळीचं पाणी मारा." "उपाध्यक्ष फार वाकलेत, काठी लावा." होस्टेलच्या मुली तर विचारूच नका. एकीनं वरून ओरडून विचारलं, "अगं, माझी ओढणी कुठाय?" खालून उत्तर आलं, "आमदारांवर वाळतीय!"

इतक्या सगळ्या पाहुण्यांत आपलं रोप बघायला एकच माणूस आलं. श्रीरामपूरच्या एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका होत्या, बालिकादिनाला बोलावलेल्या. त्याही रोप विसरल्या होत्या, पण सरांचा फोन गेल्यावर एसटी बदलत एकट्या आल्या. तोवर त्यांचा करंज डोक्याच्या वर गेला होता. बाई त्याच्याकडं बघत म्हणाल्या, "अगं बाई! हा तर आता माझ्या पिशवीत मावायचा नाही." डबा आणला होता, तो तिथंच बसून खाल्ला. जाताना म्हणाल्या, "राहू द्या इथंच. मीच येत जाईन." आणि खरंच येत राहिल्या, अधूनमधून. सर त्या दिवशी एवढे खूश होते, की माझ्या वर्गातले सगळे पंखे चालू असूनही पुढं निघून गेले.

आणि मग मूल्यांकनाची समिती यायची ठरली. ऐन वैशाखात. कॉलेजात नुसती धांदल उडाली. भिंती रंगल्या, कुंड्या भाड्यानं आल्या. पोर्चसमोरचं मैदान मात्र तव्यासारखं तापलेलं, तिथं हिरवं म्हणून एक पान नव्हतं. प्राचार्य हवालदिल झाले. कुणीतरी होस्टेलमागच्या झाडांची आठवण करून दिली, म्हणून ते अध्यक्षसाहेबांना घेऊन बघायला आले. साहेबांबरोबर नेहमीचा लवाजमा होता. सर आणि मी तिथंच होतो.

साहेब पाट्या वाचत पुढं गेले आणि एका कडुनिंबापाशी थांबले. ते त्यांचंच झाड होतं. चांगलं दोन पुरुष उंच, पानांनी गच्च भरलेलं. पाटी वाचून साहेब खो खो हसले. माणूस तसा दिलदार, उगाच खोटं कशाला बोलू?

"आयला, आमी इसरलो व्हय हे? सर, तुमी लई खरं लिवलंय. चुकलंच आमचं. नेतो की आता!"

साहेब गमतीत बोलले असतील. पण कार्यकर्ते गमतीचा अर्थ लावत नसतात. त्यांतला एक पुढारी चराकडं बघत म्हणाला, "साहेबांचं झाड आन् न्हाणीच्या पान्यावर? मागच्या दारी? हे काय बरं दिसतं का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांच्या तोंडचं पाणी पळालं, ते मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात पोचले तर हलगी वाजत होती. मला वाटलं कुणाची वरात असेल. होतीच म्हणा. होस्टेलमागं जेसीबी उभा होता, त्याच्या तोंडाला हार आणि दातांवर नारळ फोडलेला. साहेबांच्या कडुनिंबाला हळदकुंकू लावलं होतं. सर त्या जेसीबीपुढं हात पसरून उभे.

"अहो, आत्ता नका. हात जोडतो. वैशाख हाय हा. मुळं तुटतील. पाऊस पडू द्या, मी स्वतः खणून देतो."

"सर, पाऊस पडंल तवा समिती हितं हाय का?" तो पुढारी म्हणाला. मग त्यानं अदबीनं पाटीकडं बोट दाखवलं. "आन् तुमीच लिवलंय न्हवं, ज्याचं त्यानं न्यावं? इतकी वर्सं फोन करताय. आता न्यायला आलो तर आडवं पडताय. असं कसं?"

सर पाटीकडं वळले, पण हात तसेच पसरलेले. त्या पुढाऱ्याला वाटलं, सर मानासाठी अडून बसलेत. तो त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाषणात तुमचंबी नाव घेऊ, काळजी करू नका."

मी तरातरा प्राचार्यांकडं गेले. म्हटलं, थांबवा हा तमाशा, झाड मरेल. प्राचार्य नवा टाय बांधत होते. "बाई, झाड तेच आहे, फक्त जागा बदलतेय. बदली तर आपलीही होते." सर माझ्यामागून आले होते, दाराशी उभे. म्हणाले, "बदली झाली तर आपण पाय इथं ठेवून जात नाही, प्राचार्य." प्राचार्यांनी टायची गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

कडुनिंब उपटला गेला. मुळं तुटताना आवाज येतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. हलगीतसुद्धा ऐकू आला. ट्रॉलीत उभा करून, दोन्ही बाजूंनी माणसांनी धरून, त्याला मिरवत पोर्चसमोर आणलं. गुलाल उधळला. आणि ही बातमी फोटोसकट गावभर गेली. मग काय विचारता! अध्यक्षांचं झाड दर्शनी भागात आणि आमच्या साहेबांचं न्हाणीमागं? उपाध्यक्षांची माणसं आली. आमदारांची आली. शिक्षणाधिकाऱ्यांना खूश करायला आमच्याच ऑफिसनं त्यांचं झाड हलवलं. उजवीकडं कुणाचं आणि डावीकडं कुणाचं यावरून पोर्चमध्ये हमरीतुमरी झाली. शेवटी व्यासपीठावर बसवतात त्या मानानं झाडं लावायची असं ठरलं. संध्याकाळपर्यंत पुढं दुतर्फा झाडं आणि मागं नुसते खड्डे. प्राचार्य खुशीत म्हणाले, "एका दिवसात हरित परिसर!"

मागं काही झाडं उरली. बाईंचा करंज, एका गावच्या कीर्तनकारबुवांचं आवळ्याचं, एका शाहिराचं, एका निवृत्त पोस्टमास्तरांचं. त्यांना मिरवायला कुणी आलं नाही. ज्यांच्यामागं माणसं नव्हती, त्यांची झाडं वाचली. हे मला तेव्हा उमगलं.

समिती आली तोवर पुढच्या झाडांनी माना टाकल्या होत्या. पानं नुसती लोंबत होती. समितीतल्या गृहस्थांनी विचारलं, "झाडं जरा मलूल वाटतात?" प्राचार्य क्षणभरही अडखळले नाहीत. "ही दुष्काळी भागातली आहेत, साहेब. पाणी फार कमी घेतात." समितीनं कौतुकानं मान हलवली. मग सर्वांना मागं नेलं. तिथले खड्डे बघून विचारणा झाली. "जलसंधारण," प्राचार्य म्हणाले. "पावसाचं पाणी इथं मुरवतो आम्ही." समितीनं ते लिहून घेतलं. मी सरांकडं बघत होते. हरित परिसराचे प्रमुख म्हणून त्यांनीच आता काही सांगावं, असं समितीनं म्हटलं. मला वाटलं, आता फुटणार हा बाँब. माझी तर इच्छाच होती! पण सर त्या खड्ड्यांकडं बघत उभे राहिले, उरलेल्या झाडांकडं बघितलं आणि म्हणाले, "पाणी घ्या, ऊन फार हाय." बस्स. उरलेल्या झाडांकडं कुणाचं लक्ष जायला नको होतं त्यांना.

आम्हाला वरची श्रेणी मिळाली. पर्यावरणासाठी खास उल्लेखासह. पेढे वाटले. मी खाल्ला नाही, एवढाच माझा पराक्रम.

सर मात्र त्या झाडांना सोडायला तयार नव्हते. ज्यांनी ती उपटली त्यांनी वळूनही बघितलं नाही. हा माणूस सुट्टीत रोज एसटीनं येऊन त्यांच्या खोडांना ओलं गोणपाट गुंडाळायचा, फांद्या छाटून भार कमी करायचा, मागच्या चरातून बादल्या भरून पुढं वाहायचा. रविवारी चर्चमधून थेट यायचे, पांढऱ्या शर्टावर चिखल. मी एकदा चिडून म्हणाले, "सर, पुरे झालं. मेलीत ती." तर म्हणाले, "नाव माझ्या पाटीनं दिलं होतं, बाई. पाटी नसती तर कुणी आलंच नसतं." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "लोकांना लाज वाटावी म्हणून लावल्या होत्या. त्यांना अभिमान वाटला. हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई." मी बादली उचलली, दुसरं काय करणार? पाऊस यायच्या आत पुढची सगळी झाडं वाळली. साहेबांचा कडुनिंब सगळ्यांत शेवटी गेला.

मग एका दुपारी सरांनी मागच्या झाडांच्या पाट्या एकेक करून उपटल्या आणि भंगारवाल्याला देऊन टाकल्या. खड्ड्यांत नवी रोपं लावली, पण पाटी नाही. फोन करणंही बंद. फक्त श्रीरामपूरच्या बाईंना करायचे.

सरांच्या निवृत्तीच्या वर्षातली गोष्ट. भर उन्हात अध्यक्षसाहेब एकटेच चालत होस्टेलमागं आले. लवाजमा नव्हता. आम्ही दोघं करंजाखाली उभे होतो. नुकताच फुलोरा येऊन गेलेला, खाली फुलांचा सडा. आदल्याच दिवशी सरांनी फोनवर त्याचं वर्णन बाईंना ऐकवलं होतं, ते मी कानांनी ऐकलं होतं.

साहेब जरा अवघडले होते. इकडंतिकडं बघत म्हणाले, "सर, आमचं ते गेलं. वाईट वाटलं. पोरांनी हौसंनं केलं, पर चुकलं." घाम पुसला. "यातलं एखादं आमच्या नावानं करा की. पाटी मी देतो, चांगली पितळंची. हे कुनाचं हाय?"

त्यांनी करंजाच्या खोडावर हात ठेवला होता.

"आठवत न्हाई, साहेब," सर म्हणाले.

"तुमाला? तुमाला आठवत न्हाई?"

"न्हाई. वय झालं."

पोरांसमोर माझ्या वर्गाला मूठभर म्हणणारा, खऱ्यापायी कुणाची भीडमुर्वत न ठेवणारा हा माणूस अध्यक्षांच्या डोळ्याला डोळा भिडवून धडधडीत खोटं बोलत होता. मी पदर तोंडाशी धरला आणि भलतीकडं बघत राहिले.

साहेबांनी सरांकडं बघितलं, मग वर फांद्यांकडं. त्यांना कळलं की नाही, देव जाणे. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर आपटली.

"कुनाचं का असंना," म्हणाले, "गार हाय." आणि धोतर सावरत तिथंच खाली बसले.